उतेकरबाईंचे वाल

उतेकरबाईंच्या तेराव्याला वालाचं बिरडं होतं. आचाऱ्याने मन लावून केलेलं, खोबरं सढळ हाताने घातलेलं. आमच्या आळीतल्या सातही घरांतली माणसं जेवायला होती आणि सगळ्यांनी ते बोटं चाटून खाल्लं. साळवीकाकूंनी दोनदा मागून घेतलं, वर म्हणाल्या, "काही म्हणा, बाईंच्या हातची चव नाही हो याला." पंक्तीत माना डोलल्या. कोणीतरी म्हणालं, बाई गेल्या आणि आळीतलं बिरडंच गेलं. मी तेवढी पानातल्या बिरड्याकडे बघत बसले होते.

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. मळमळ, शिसारी, किळस यांतला फरक मुलींना समजावून सांगितला. त्या पंक्तीत बसून मला तिन्ही एकदम आल्या. आळीची आली, त्या सात घरांची आली. आणि त्या सातांतलं एक घर माझं आहे. तेव्हा पुढचं वाचताना मला कोणी भली बाई समजू नये, हे आधीच सांगून ठेवते.

उतेकरबाई माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या नखांकडे बघायच्या. महाडच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, उंच, काटकुळ्या, कडक इस्तरीची सुती साडी आणि कमरेला दोन रुमाल. एक हाताचा, एक तोंडाचा. दोघांची अदलाबदल झालेली मी कधी पाहिली नाही. वर्गात शिरल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "हात पुढे." मग बाकांमधून चालत सगळ्यांची नखं बघायच्या आणि त्यानंतर पुस्तक उघडायचं. मुलं त्यांना फिनेलबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं. "फिनेलबाई तर फिनेलबाई. गटारबाई तर नाही ना म्हणत?" एवढंच म्हणायच्या आणि चहात बिस्कीट बुडवायच्या.

त्यांचं माहेर म्हणजे पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातली एक वाडी. लग्न केलं नाही, आमच्या आळीत माडीचं घर घेतलं आणि एकट्या राहिल्या. दर पंधरा दिवसांनी भावाकडे जायच्या. एकदा परतीच्या एसटीत मीही होते. पुढच्या सीटवर एक पांढऱ्या कपड्यांतला गडी, हातात दोन अंगठ्या, खिडकीतून पचकन् थुंकला. बाईंनी महाड येऊ दिलं. महाड स्टँडात गाडी लागल्यावर दारात उभ्या राहिल्या. पिशवीतून पाण्याची बाटली आणि एक जुनं फडकं काढून त्याच्या हातात दिलं. म्हणाल्या, "गाडीच्या अंगावर ओघळ आलेत. पुसा, आम्ही थांबतो." तो काहीतरी बडबडला. बाई तशाच. खाली चढायला माणसं खोळंबलेली, ड्रायव्हरही उतरून हाताची घडी घालून उभा राहिला. शेवटी त्याने पुसलं. फडकं परत द्यायला लागला तर बाई म्हणाल्या, "राहू दे तुम्हालाच. परत लागेल."

यावरून कोणाला वाटेल की बाई किळस करणाऱ्या स्वभावाच्या होत्या, घाणीला घाबरायच्या. उलट होतं. रायगडच्या सहलीत पाचाडला गाडी थांबली तेव्हा सहावीतली एक मुलगी स्वतःच्या अंगावर, शेजारणीच्या अंगावर, सगळीकडे ओकली. आम्ही बाकीच्या शिक्षिका नाकाला पदर लावून खाली उतरलो. बाईंनी त्या पोरीला एका खानावळीच्या मागच्या नळावर नेलं, धुतलं, स्वतःचा स्वेटर तिला घातला, मग बादली घेऊन गाडीत शिरल्या आणि सीट धुऊन काढली. पोरगी रडत होती. तिला म्हणाल्या, "पोटात होतं ते बाहेर आलं. त्यात लाजायचं काय?"

आणि पूर. सावित्रीचा तो पूर महाडात कोणाला सांगायला नको. आळीत पाणी माळ्याला टेकलं होतं. ओसरलं तेव्हा गुडघाभर चिखल, त्यात मेलेली कोंबडी, कोणाचं धान्य, सगळ्यांच्या संडासाच्या टाक्या फुटून वर आलेल्या. त्या वासाने साळवीकाकू दारातच बसल्या आणि म्हणाल्या, मला आत जाववत नाही. उतेकरबाई हातात घमेलं घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात शिरल्या. देवघरापासून मोरीपर्यंत सगळं त्यांनी काढलं. फावडं पोचत नव्हतं तिथे हाताने. मग पुढचं घर, मग माझं. माझ्या घरात ओट्याखाली काय अडकलं होतं ते मी इथे लिहीत नाही. ते बाईंनी उचललं आणि मी दारात उभी राहून रुमालात श्वास घेत होते. चौथ्या दिवशी सगळी आळी फिनेलने धुतली आणि मग बाई आपल्या घराकडे वळल्या. एवढं सगळ्यांना आठवतं. पंक्तीत तेही बोलून झालं.

अशा बाईंच्या कॅन्सरला जागा मिळाली ती कुठे, तर गुदाशयात. वर्षभर रक्त पडत होतं आणि ही विज्ञानाची शिक्षिका, फळ्यावर पचनसंस्थेची आकृती डोळे मिटून काढणारी, कोणाला बोलली नाही. डॉक्टरला दाखवायचं म्हणजे दाखवायचं काय, हे मनातून जाईना. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. खालची वाट कायमची शिवून टाकली आणि पोटाच्या डाव्या बाजूला एक तोंड काढलं. त्याच्यावर पिशवी. ती भरायची, रिकामी करायची, धुवायची, बदलायची, आणि हे जन्मभर.

महाडला परत आल्या त्या वेगळ्याच बाई होत्या. दार लावून बसायच्या. मी रोज जायचे. रडताना मी त्यांना पाहिलं नाही, पण मोरीत जाऊन नळ सोडून द्यायच्या आणि तासतासभर बाहेर यायच्या नाहीत. पोटाची कातडी घासून घासून सोलवटून घेतली. मग माझ्या लक्षात आलं की त्या जेवत नाहीत. सकाळी अर्धी वाटी पेज, त्यावर दिवस. मी विचारलं तर म्हणाल्या, "रिकामं ठेवलं की भरत नाही." मी त्यांना पाचाडच्या पोरीची आठवण दिली. म्हटलं, पोटात होतं ते बाहेर आलं, त्यात लाजायचं काय, तुम्हीच म्हणाला होतात. बाई म्हणाल्या, "ते दुसऱ्याच्या पोटाबद्दल होतं, मेधा."

आणि भेटायला येणारी माणसं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझी लेखणी घाण होईल, पण लिहिते. बिस्किटाचा पुडा घेऊन येणार, दारातच दीर्घ श्वास घेऊन बघणार, मग खुर्ची जरा मागे सरकवून बसणार. "काय हो, तुमच्यासारख्या स्वच्छ बाईला कसं काय झालं?" हा पहिला प्रश्न. म्हणजे घाणेरड्यांना झालं तर चालतं. दुसरं म्हणजे प्रत्येकाकडे एक मेलेलं माणूस तयार. "आमच्या साडूंचं अस्संच होतं, पण तीनच महिन्यांत आटोपलं." ते सांगून लगेच, "पण तुम्ही धीर सोडू नका." एकीने सव गावच्या गरम कुंडात नेऊन बसवा म्हणून सांगितलं, सगळं विष उतरतं म्हणे. उघड्या पोटावर पिशवी घेऊन चारचौघांच्या कुंडात. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले आणि जे बोलले ते बाईंना आवडलं नसतं.

बाईंनी त्यावर आपला उपाय काढला होता. माणूस आलं की आधी म्हणायच्या, "हात धुवून या." मोरीत साबण, टॉवेल ठेवलेला. मग नखं बघायच्या. मग तांदळाचं ताट पुढ्यात सरकवायच्या, "बसलाच आहात तर खडे काढा." खाली मान घालून खडे काढणाऱ्याचं तोंड निम्मं तरी बंद राहतं. साळवीकाकू दोनदा निवडून गेल्या आणि मग यायच्या बंद झाल्या.

पण माणसं गेली की बाई मला एकच प्रश्न विचारायच्या. "वास येतोय का?"

सगळ्यांना विचारून झालं होतं. सगळे म्हणायचे, छे छे, अजिबात नाही, तुमच्या मनाचे खेळ. मीही तेच म्हणायचे. एके दिवशी दुपारी विचारलं तेव्हा खरंच येत होता, आणि मला त्या छे छे चा इतका वीट आला होता की मी म्हटलं, "हो बाई. येतोय."

मला वाटलं आता या कोसळतील. त्या उठल्या, आत गेल्या, पिशवी बदलून आल्या, आणि कित्येक आठवड्यांनी त्यांचे ताठलेले खांदे सैल झालेले मी पाहिले. "आता?" "आता नाही." म्हणाल्या, "सगळे नाही म्हणतात म्हणून मला वाटायचं, सारखाच येत असणार. आता नाही म्हणालीस ते खरं धरता येतं." तेव्हापासून मी त्यांचं नाक झाले. येत असला तर येतोय, नसला तर नाही. हळूहळू बाहेर पडायला लागल्या. भर दुपारी, चिटपाखरू नसताना, चवदार तळ्याला एक फेरी. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येईल अशा बाजूने मी चालायचे आणि दर कोपऱ्यावर मान हलवून सांगायचे. एकदा तिथल्या पायरीवर बसून बाई म्हणाल्या, "हात लागून पाणी बाटतं का, एवढ्याचा निकाल लागायला या गावात किती माणसांनी मार खाल्ला. मुलांना दर वर्षी सांगायचे मी." मग आपल्याच हातांकडे बघत बसल्या.

उन्हाळ्यात भाऊ घेऊन गेला. डोंगरातली हवा मानवेल म्हणाला. महिनाभर राहणार होत्या, आठव्या दिवशी परतल्या. मी एसटी स्टँडवर आणायला गेले होते. घरी येऊन त्यांनी आधी हात धुतले. मग सांगितलं. गावाला सांगून ठेवलं होतं की पोटातला गोळा काढला. कॅन्सर हा शब्द काढायचा नाही. निजायला पडवी दिली. जेवायला ताट, तांब्या, पेला वेगळा, त्यावर खिळ्याने खूण केलेली. बाईंनी भावजयीला विचारलं तर ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "मी नाय म्हनत वन्सं. गाव म्हनतंय. लागाट हाय म्हनतात. घरात पोरंबाळं हायत." मुंबईहून पुतण्या आला होता. तो दोन हात लांब उभा राहून म्हणाला, "आत्या, टेन्शन लेने का नाय. पॉझिटिव्ह राहायचा. तू फायटर हायस." आणि मोबाईलवर बाईंचा फोटो काढून गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

"मी चुलीकडे गेले होते, कोथिंबीर निवडायला," बाई म्हणाल्या. "वहिनीने माझ्या हातातून जुडी काढून घेतली. रागाने नाही गं, अगदी हळू. म्हणाली, तुमी बसा, दमाल." मग म्हणाल्या, "मरायचं काय, सगळे मरतात. पण माझ्या हातचं कोणी खाणार नसेल तर मी जगतेय कशाला?" हे त्या रडून बोलल्या नाहीत. शाळेत गणित घालावं तसं विचारलं. मला तेवढ्यात एक कल्पना सुचली.

बाईंचे वाल आळीत प्रसिद्ध होते. श्रावणात दर सोमवारी सकाळी सात घरी सात डबे जायचे. भावाच्या शेतातले कडवे वाल. शुक्रवारी भिजत घालायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे. मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दोन बोटांत धरून सोलायचा. साल निघाली पाहिजे, मोड तुटता कामा नये आणि आतली डाळिंबी दुभंगता कामा नये. नख वाढलेलं असेल तर दाण्याला खोक पडते, म्हणून त्या आदल्या दिवशी नखं कापायच्या. सात घरांचे वाल सोलायला अर्धा रविवार जायचा. प्रत्येक दाणा त्यांच्या बोटांतून गेलेला. आपण फक्त फोडणीला टाकायचे. डबा रिकामा परत करायचा नाही ही आमच्याकडची पद्धत, म्हणून मंगळवारी कोणाकडून चार करंज्या, कोणाकडून मूठभर साखर घालून डबे परत जायचे.

पावसाळा लागला तेव्हा मी म्हटलं, "बाई, या वर्षी वाल करायचे ना?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला आजही ते डोळे नको वाटतात. "खातील?" म्हणाल्या.

"न खायला काय झालं?" मी म्हटलं. हे मी बोलले, दुसरं कोणी नाही.

पहिल्या सोमवारी त्या स्वतः डबे घेऊन निघाल्या. इस्तरीची साडी, कमरेला दोन रुमाल. निघण्याआधी माझ्या दारात थांबून विचारलं, "वास?" मी म्हटलं, "नाही." खरंच नव्हता. सगळ्यांनी डबे घेतले. अगदी हसून, दोन्ही हातांनी. साळवीकाकू म्हणाल्या, "अगं बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात." बाई घरी आल्या आणि माझ्यासमोर त्यांनी पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला.

आणि मी माझ्या स्वयंपाकघरात डबा उघडला. पांढरेशुभ्र, एकसारखे, मोडासकट सोललेले वाल. एकाही दाण्याला खोक नाही. मी ते कढईपर्यंत नेले. तेल तापलं होतं. आणि मला त्यांची बोटं दिसली. त्या बोटांनी काय धुतात, किती वेळा धुतात, ते मला आळीत सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. त्या आपले हात डॉक्टर धुणार नाही इतके धुतात हेही माहीत होतं. मी गॅस बंद केला. घरातल्या कोणाचं नाव मी पुढे करणार नाही, कोणी मला काही म्हटलं नव्हतं. मी मागचं दार उघडलं आणि परसात, न्हाणीच्या मागे, डबा उपडा केला.

मंगळवारी त्यात साखर भरून परत दिला. गच्च भरून. त्या वर्षी सगळ्यांचेच डबे फार भरून परत गेले.

"कसं झालं होतं?" बाईंनी विचारलं. इतर सहा घरांनी काय सांगितलं ते मी ऐकत होतेच, काय सुंदर, काय ती चव. मी म्हटलं, "नेहमीसारखं." चार सोमवार असंच चाललं. चारही वेळा मी मागचं दार उघडलं. आणि गंमत अशी, गंमत कसली, की त्या महिन्यात बाई सुधारल्या. दोन वेळा जेवायला लागल्या, नळ सोडून बसायच्या थांबल्या. दुसऱ्या एका आळीतल्या बाईला तशीच पिशवी लागली होती, तिला धुवायला शिकवून आल्या. "माणसं खातात माझ्या हातचं," तिला म्हणाल्या, "तुझंही खातील." आमच्या खोटेपणावर त्या उभ्या राहिल्या. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

भावाच्या शेतातले वाल, मोड आलेले, श्रावणातली ओली माती. जे व्हायचं ते झालं. नवरात्राच्या सुमारास न्हाणीच्या मागे धुणं वाळत घालायला गेले तर वालाचा वेल. एक नाही, पाचसहा. दोरीला धरून चांगले वर चढलेले. मी मराठीची शिक्षिका, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बाई तर पाचवीला अंकुरण शिकवायच्या. टीपकागदावर वाल ठेवून मोड काढून दाखवायच्या. उद्या त्या माझ्या परसात आल्या तर एका नजरेत सगळं वाचतील. मी खाली बसले आणि सगळे वेल मुळासकट उपटले, चिखलात मुळं शोधून शोधून. घंटागाडी आली तेव्हा पिशवीत बांधून दिले. हात तीनदा धुतले.

दिवाळीनंतर बाईंचे डोळे पिवळे दिसायला लागले. यकृतात पसरलं होतं. मुंबईला पुन्हा जायला त्यांनी नकार दिला. माडीवरच्या मागच्या खिडकीशी पलंग लावून घेतला.

मार्गशीर्षातली दुपार होती. मी भाताची पेज घेऊन गेले होते. बाई उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होत्या. हाताची काडी झालेली, पण नखं कापलेली.

"ये. इथे बस," म्हणाल्या. "बाहेर बघ."

मागच्या खिडकीतून आळीतली सगळी परसं दिसतात, एकापुढे एक. इतकी वर्षं येत होते, कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या बोट दाखवून सांगायला लागल्या, फळ्यावरची आकृती समजावावी तसं.

"त्या पेरूवर बघ, चढलाय तो वेल. पांढरी फुलं आलीत. तिथे कुंपणावर. पलीकडे त्या संडासाच्या पाइपावर, तो सगळ्यात जोरात आहे, शेंगा धरल्यात. मग त्या भिंतीवर. आणि तो शेवटचा, विहिरीकडचा." बोट खाली आलं. "साळवीण हुशार. ती घंटागाडीत टाकायची. मी बघायचे इथून."

मी खिडकीतून माझं परस शोधायला लागले.

"पहिल्या सोमवारीच बघितलं," बाई म्हणाल्या. "लपवायला पाठ करून उभी राहतात, पण वरून दिसतं. तुझ्या न्हाणीमागचं तेवढं इथून दिसत नाही."

"मग पुढचे तीन सोमवार कशाला सोललेत?" मी कसंबसं विचारलं.

"अगं, एक घर होतं ना." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो कोरडा होता, साबणाचा वास होता. "परवा तू औषधं आणायला गेली होतीस ना, तेव्हा मुंबईहून पुतण्या बघायला आला होता, त्याला धरून मी जिना उतरले. अर्धा तास लागला. तुझ्या परसात जाऊन आले. न्हाणीमागे बघितलं. एकसुद्धा वेल नाही." त्या हसल्या. पिवळ्या पडलेल्या चेहऱ्यावर ते हसू अगदी शाळेतलं होतं, कोणाची नखं स्वच्छ निघाल्यावरचं. "तुझ्यावर संशय घेतला म्हणून वाईट वाटलं मला. पण खात्री केलेली बरी असते."

तेव्हा बोलायला हवं होतं. येतोय का म्हणून विचारल्यावर येतोय म्हणणारी आळीत मी एकटी होते. माझ्या बोलण्यावर त्या दारं उघडून बाहेर पडल्या होत्या. मी पेजेची वाटी धरून बसले आणि तोंड उघडलं नाही.

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग तसंच डोळे मिटून म्हणाल्या, "खरं सांग. कसं झालं होतं?"

"छान झालं होतं बाई," मी म्हटलं. "खोबरं घातलं, गूळ घातला. दोन वेळा पुरलं."

"आमसुलं किती घातलीस?"

"चार."

त्या जरा विचारात पडल्या, जिभेवर चव घेऊन बघितल्यासारख्या.

"तीन पुरतात," बाई म्हणाल्या.